फ्लॉरिडातली तुमची ‘पी.ए.’ राज्यानं परस्पर बरखास्त केली, तर काय करायचं?

ऑक्टोबर उजाडला की मला ठरावीक फोन येतो. मागच्या खेपेला तो एका दंतवैद्य बाईंचा होता. नवं एक्स-रे मशीन घ्यायचं म्हणून त्यांनी आपल्या ‘पी.ए.’च्या, म्हणजे दवाखाना चालवण्यासाठी काढलेल्या ‘प्रोफेशनल असोसिएशन’ कंपनीच्या नावानं बँकेत कर्जाचा अर्ज केला होता. तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, राज्याच्या नोंदीत तुमची कंपनी बंद दिसतेय.” त्या दिवशी सकाळपासून त्यांनी अकरा पेशंट तपासले होते, आदल्याच दिवशी स्टाफचे पगार झाले होते. “ताई, मी इथे काम करत बसलेय आणि ते म्हणतात कंपनीच नाही,” हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

कुणी फसवलं नव्हतं, कर बुडवला नव्हता. वसंतात भरायचा १५० डॉलरचा एक कागद राहून गेला होता, एवढंच. फ्लॉरिडातल्या मराठी डॉक्टर, दंतवैद्य, सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) मंडळींचे हिशेब सांभाळताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. इथल्या तारखा आणि रकमा फ्लॉरिडाच्या आहेत. तुमची संस्था दुसऱ्या राज्यात नोंदवलेली असेल तर नियम तिथले लागतील, या लेखातले आकडे तिकडे लावू नका.

पी.ए. म्हणजे नेमकं काय

डॉक्टर, वकील, सीपीए, आर्किटेक्ट अशा परवानाधारक लोकांनी आपला व्यवसाय चालवण्यासाठी काढलेली कंपनी म्हणजे प्रोफेशनल असोसिएशन. फ्लॉरिडाच्या कायद्याचं ६२१ वं प्रकरण तिच्यासाठी आहे. नावाच्या शेवटी ‘पी.ए.’, ‘प्रोफेशनल असोसिएशन’ किंवा ‘चार्टर्ड’ यांपैकी काहीतरी लागतं. शेअर फक्त त्याच व्यवसायाचा परवाना असलेल्यांकडे राहू शकतात. म्हणजे डॉक्टर नवऱ्याच्या पी.ए.मध्ये आयटीत काम करणाऱ्या बायकोला भागीदार करता येत नाही, मग घरातले सगळे हिशेब तीच बघत असली तरी.

६२१ व्या प्रकरणात जे सांगितलेलं नाही, तिथे साध्या कंपन्यांचं ६०७ वं प्रकरण लागू होतं. म्हणून पी.ए. सक्तीनं बंद पडण्याच्या वाटा तीन. वार्षिक नोंद, म्हणजे ‘अ‍ॅन्युअल रिपोर्ट’, चुकली म्हणून राज्याच्या कार्यालयानं केलेली प्रशासकीय बरखास्ती, परवाना गेलेल्या माणसाला बाहेर न काढल्यामुळे ओढवलेलं विसर्जन, आणि कोर्टाच्या आदेशानं होणारं विसर्जन. माझ्याकडे येणारे जवळपास सगळे फोन पहिल्या वाटेचे असतात, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिते.

आधी नोंद उघडून डोळ्यांनी बघा

बँकेनं सांगितलं, पत्र आलं, कुणी म्हणालं, यातल्या कशावरही पुढचं पाऊल टाकू नका. राज्याच्या डिव्हिजन ऑफ कॉर्पोरेशन्सची ‘सनबिझ’ नावाची साइट आहे. तिथे कंपनीच्या नावानं शोधा. पान उघडलं की वरच्या भागात डॉक्युमेंट नंबर, ईआयएन (आयआरएस, म्हणजे केंद्रीय करखातं, कंपनीला देतं तो क्रमांक), स्थापनेची तारीख दिसते. त्याखाली ‘स्टेटस’. तिथे ‘अ‍ॅक्टिव्ह’च्या जागी ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असेल तर लगेच खालची ‘लास्ट इव्हेंट’ ही ओळ वाचा. ‘अ‍ॅडमिन डिसोल्यूशन फॉर अ‍ॅन्युअल रिपोर्ट’ असं लिहिलेलं असलं तर श्वास सोडा. हे दुरुस्त होणारं आहे. शेजारी तारीख असेल, उदाहरणार्थ २६ सप्टेंबर २०२५.

ही तारीख कुठून येते ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. अ‍ॅन्युअल रिपोर्ट भरण्याची मुदत १ जानेवारी ते १ मे. आपल्याला लक्षात ठेवायला सोपी, महाराष्ट्र दिनाची. या मुदतीत भरला तर १५० डॉलर. २ मेपासून वर ४०० डॉलरचा दंड, म्हणजे ५५०. सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंतही रिपोर्ट गेला नाही, तर चौथ्या शुक्रवारी राज्य अशा सगळ्या कंपन्या एकदम बरखास्त करतं. २०२६ साली तो चौथा शुक्रवार २५ सप्टेंबरला, नेमका अनंत चतुर्दशीच्या दिवशी आहे. आपली माणसं त्या आठवड्यात मंडळाच्या कामात बुडालेली असतात, तेव्हा सांगून ठेवते.

‘रिपोर्ट’ या शब्दानं बरेच जण दचकतात. यात नफातोटा, ताळेबंद काहीच द्यायचं नसतं. पत्ता, पदाधिकारी आणि रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीनं सरकारी आणि कोर्टाचे कागद स्वीकारणारा), एवढ्याच गोष्टी बरोबर आहेत असं सांगायचं असतं. दहा मिनिटांचं काम. मात्र “आमचा सीपीए टॅक्स भरतो, त्यातच आलं असेल” हा समज साफ चुकीचा आहे. आयआरएसचा आणि या रिपोर्टचा काही संबंध नाही.

‘लास्ट इव्हेंट’मध्ये रजिस्टर्ड एजंटचा उल्लेख असेल, तर कारण वेगळं आहे. राज्यात पत्ता असलेला एजंट सतत तीस दिवस नसला तरी बरखास्ती होऊ शकते. अशा वेळी आधी नोटीस येते आणि दुरुस्तीला साठ दिवस मिळतात. पण ती नोटीस जाते नोंदीतल्या पत्त्यावर, आणि मूळ अडचण बहुतेकदा तिथेच असते.

पुढचे दोन दिवस काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं

पेशंटला परत पाठवू नका. तुमचा वैद्यकीय परवाना तुमच्या नावावर आहे, तो कंपनीबरोबर बुडत नाही. आयआरएसचा ईआयएनही तोच राहतो, आणि कर विवरणपत्रं भरण्याची जबाबदारी कुठेही जात नाही.

मात्र बरखास्त झालेल्या कंपनीला कायद्यानं फक्त आवराआवर करण्यापुरतं अस्तित्व असतं. म्हणून तिच्या नावानं नवा भाडेकरार, नवं कर्ज, नवी नेमणूक, मोठी खरेदी यांवर सही करू नका. बरखास्ती माहीत असूनही कंपनीच्या नावानं व्यवहार केले, तर ती देणी तुमच्या स्वतःच्या अंगावर येण्याचा धोका असतो. कंपनीनं थकबाकीसाठी कुणावर दावा लावलेला असेल तर वकिलाला त्याच दिवशी कळवा, कारण रिपोर्ट आणि फी थकलेल्या कंपनीला कोर्टात दावा पुढे नेता येत नाही. समोरच्या वकिलानं सनबिझ उघडून पाहिलं की तो पहिला मुद्दा हाच काढणार.

नवी कंपनी काढायची की जुनी जिवंत करायची?

इथे लोक घसरतात, आणि का घसरतात ते मला कळतं. हिशेब करून बघा. जुनी कंपनी परत उभी करायला, म्हणजे रीइन्स्टेटमेंटला, ६०० डॉलर लागतात. शिवाय चुकलेल्या प्रत्येक वर्षाच्या रिपोर्टचे १५०. सप्टेंबर २०२५ मध्ये बरखास्त झालेली कंपनी त्याच ऑक्टोबरात उभी केली तर ७५०. डिसेंबर उलटून २०२६ लागलं की दोन वर्षांचे रिपोर्ट, म्हणजे ९००. आणि कोरी नवी कंपनी? फक्त ७० डॉलर. साहजिकच कुणीतरी सल्ला देतं, “सोडा ती जुनी, नवी काढा, नाव तेच ठेवा.”

माझं स्पष्ट मत आहे: प्रॅक्टिस चालू असेल तर हा सल्ला ऐकू नका. पहिली गोष्ट, तेच नाव मिळणारच नाही. बरखास्तीनंतर एक वर्ष ते नाव दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही, आणि कायद्याच्या नजरेत तुमची नवी कंपनी ही ‘दुसरी’च असते. जुन्या कंपनीनं लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी, पण मग एवढा उपद्व्याप कशासाठी? दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. नवी कंपनी म्हणजे नवा ईआयएन. म्हणजे मेडिकेअरची (सरकारी आरोग्य विम्याची) नव्यानं नोंदणी, प्रत्येक विमा कंपनीशी नवा करार, बँकेत नवं खातं, मालप्रॅक्टिस पॉलिसीवर (उपचारातल्या चुकांच्या दाव्यांसाठीच्या विम्यावर) नवं नाव, जागेच्या मालकाशी पुन्हा बोलणी. यात महिने जातात आणि तेवढ्या काळाची बिलं अडकून पडतात. त्यांपुढे ७५० डॉलर काहीच नाहीत.

रीइन्स्टेटमेंटचा खरा फायदा कायद्यातच आहे. कंपनी पुन्हा उभी राहिली की तो परिणाम बरखास्तीच्या तारखेपासून मागे लागू होतो. मधली बरखास्ती झालीच नव्हती असं धरलं जातं. मधल्या काळात बरखास्तीवर विसंबून कुणी काही केलं असेल तर त्याचे हक्क मात्र शाबूत राहतात. म्हणून उशीर नको. नावाचं एक वर्षाचं संरक्षण संपल्यावर दुसऱ्या कुणी ते घेतलं, तर परत येताना तुम्हाला नाव बदलावं लागेल. वीस वर्षं पाटीवर असलेलं नाव असं गेलेलं मी पाहिलंय. त्या डॉक्टरांना पैशापेक्षा त्याचंच जास्त लागलं.

फॉर्म भरताना

सनबिझवरच रीइन्स्टेटमेंटचा ऑनलाइन फॉर्म आहे. डॉक्युमेंट नंबर हाताशी ठेवा, तो टाकला की जुनी माहिती समोर येते. ती तशीच पुढे ढकलू नका, ओळ न् ओळ वाचा. चार जागी चुका होतात.

रजिस्टर्ड एजंट. याचा फ्लॉरिडातला रस्त्याचा पत्ता लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही, आणि त्यानं स्वीकृतीची सही करायला हवी. ऑनलाइन फॉर्मवर नाव टाइप करणं हीच सही. तिथे अजून जुन्या ऑफिस मॅनेजरचं नाव असेल आणि तो कधीच टेक्सासला गेला असेल, तर आत्ताच बदला.

पदाधिकारी आणि संचालक. निवृत्त झालेले, सोडून गेलेले डॉक्टर यादीत राहिलेले असतात. त्यांची नावं काढा. पुढे परवान्याच्या वाटेबद्दल सांगतेय, तिथे याचं महत्त्व कळेल.

ईमेल. राज्याची आठवण याच पत्त्यावर येते. वरच्या दंतवैद्य बाईंच्या नोंदीत तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या रिसेप्शनिस्टचा पत्ता होता. आठवणी येत होत्या, फक्त वाचणारं कुणी नव्हतं.

नाव. कंपनीचं नाव या फॉर्ममधून बदलता येत नाही, त्यासाठी वेगळी दुरुस्ती दाखल करावी लागते. दोन्ही कामं एकात करायला जाऊ नका.

कार्डानं पैसे भरले तर नोंद लवकर बदलते, चेक टपालानं पाठवला तर वाट बघावी लागते. सोबत ‘सर्टिफिकेट ऑफ स्टेटस’ मागवा, ८.७५ डॉलर. बँकेला तेच दाखवायचं असतं.

एक सावधगिरी. बरखास्तीच्या आसपास घरी सरकारी दिसणारी पत्रं येतात, ‘तातडीची सूचना’, ठळक अक्षरं, खाली भलतीच रक्कम. नोंदी सार्वजनिक असल्यामुळे पत्ते कुणालाही मिळतात. राज्यानं स्वतः अशा पत्रांबद्दल इशारा दिलेला आहे. पैसे सनबिझवरच भरा.

उभी राहिली, आता मधल्या काळाचं काय?

स्टेटस ‘अ‍ॅक्टिव्ह’ झालं की लोक सुटकेचा निःश्वास टाकून फाइल मिटतात. मी मिटू देत नाही. बरखास्ती ते रीइन्स्टेटमेंट या काळात कंपनीच्या नावानं जे काही झालं त्याला संचालक मंडळानं लेखी मान्यता द्यावी. एकटा डॉक्टर असला तरी तो संचालक म्हणून हा ठराव करतोच. चार ओळी पुरतात: अमुक तारखेला प्रशासकीय बरखास्ती झाली, अमुक तारखेला कंपनी पुन्हा उभी राहिली, या दरम्यान पदाधिकाऱ्यांनी कंपनीच्या वतीनं केलेले सर्व करार, पगार, खरेदी आणि इतर कृती मंडळ मान्य करत आहे. तारीख, सही, आणि मिनिट्सच्या, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या, वहीत. पुढे कधी कुणी वैयक्तिक जबाबदारीचा मुद्दा काढला तर हाच कागद उपयोगी पडतो.

मग कळवायचं. बँक, मालप्रॅक्टिस विमा, आणि त्या काळात सही केलेल्या कुठल्याही मोठ्या कराराची दुसरी बाजू. मेडिकेअर आणि विमा कंपन्यांकडची नावं-पत्ते नव्या नोंदीशी जुळतात का ते ताडून बघा.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक धागा असतो, व्हिसाचा. बऱ्याच पी.ए. तरुण भारतीय डॉक्टरला एच-१बी या कामाच्या व्हिसावर घेतात. तिथे अर्जदार ही कंपनी असते, आणि ती सक्रिय आहे का हे तपासलं जाऊ शकतं. अर्ज किंवा मुदतवाढ मधल्या काळात गेली असेल तर इमिग्रेशन वकिलाला सर्टिफिकेट आणि ठराव, दोन्ही लगेच द्या. त्या मुलाला किंवा मुलीलाही सांगा. त्यांचं इथलं राहणं त्या कागदावर अवलंबून आहे, त्यांच्यापासून हे लपवणं बरोबर नाही.

परवाना गेला आणि माणूस राहिला

ही वाट फक्त प्रोफेशनल कंपन्यांची. एखाद्या भागीदाराचा, अधिकाऱ्याचा किंवा तिथे सेवा देणाऱ्या नोकरदार डॉक्टरचा परवाना कायद्यानं बाद झाला, किंवा त्यानं असं सार्वजनिक पद स्वीकारलं की त्याला व्यवसाय करता येत नाही, तर त्यानं कंपनीतली नोकरी आणि आर्थिक हितसंबंध दोन्ही ताबडतोब तोडायला हवेत. कंपनीनं त्याला तसं करायला लावलं नाही, तर तेच कंपनीच्या विसर्जनाचं कारण ठरतं. गोष्ट डिपार्टमेंट ऑफ स्टेटच्या (सनबिझ चालवणाऱ्या खात्याच्या) कानावर गेली की ते प्रकरण राज्याच्या विधी खात्याकडे पाठवतात. इथे ६०० डॉलर भरून सुटका नाही.

म्हणून अशी बातमी आली की तीन गोष्टी करा. त्या व्यक्तीचा राजीनामा लेखी घ्या. शेअर कसे आणि किती किमतीला परत घ्यायचे हे भागीदारी करारात बघा, आणि करार नसेल तर वकील गाठा. सनबिझच्या नोंदीतून नाव काढा. भागीदाराचं निधन झालं तरीही प्रश्न शेअरचाच असतो. परवाना नसलेला मुलगा किंवा पत्नी ते कायमचे ठेवू शकत नाही. एकट्या डॉक्टरची पी.ए. असेल, तर वारसांना कंपनीचा उद्देश बदलून ती साधी कंपनी करता येते. तिला वैद्यकीय सेवा देता येत नाही, पण इमारत किंवा येणी तिच्या नावावर राहू शकतात. हे बोलणं माणूस धडधाकट असतानाच व्हायला हवं. मी विषय काढते तेव्हा लोक अस्वस्थ होतात, तरी काढते.

भागीदार भांडले तर

दोन डॉक्टर, पन्नास-पन्नास टक्के, आणि दोन वर्षं बोलणं बंद. अशा अडलेल्या स्थितीत, किंवा कंपनीची मालमत्ता उधळली जात असेल तर, शेअरहोल्डर कोर्टाकडे विसर्जन मागू शकतो. फसवणुकीनं नोंदणी मिळवली किंवा अधिकाराचा गैरवापर केला तर राज्याचं विधी खातंही मागू शकतं. अर्ज आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. छोट्या कंपन्यांत दुसरी बाजू अर्ज दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत, अर्ज करणाऱ्याचे शेअर वाजवी किमतीला विकत घेण्याचा पर्याय निवडू शकते. तो निवडला की एकतर्फी मागे घेता येत नाही. हे नव्वद दिवस भांडणात घालवू नका, मूल्यांकन करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात बोलवा. यापुढचं काम वकिलाचं.

बंदच करायची होती, आणि राज्यानंच केली

निवृत्त होणारे डॉक्टर म्हणतात, “बरं झालं, आपोआप बंद झाली.” तशी ठेवता येते, पण आवराआवर करावीच लागते. कंपनी ज्यांचं देणं लागते त्यांना लेखी नोटीस द्या, दावा सांगायला किमान १२० दिवस द्या. अज्ञात दाव्यांसाठी कायद्यात सूचना दाखल करण्याची सोय आहे, त्यानंतर चार वर्षांनी ते दावे संपतात. सूचना दिलीच नाही तर हे संरक्षण मिळत नाही. शेवटचं कर विवरणपत्र ‘अंतिम’ म्हणून भरा. आणि पेशंटच्या फाइली शेवटच्या भेटीपासून किमान पाच वर्षं सांभाळाव्या लागतात, त्या गॅरेजमध्ये टाकून भारतात निघून जाऊ नका.

त्या दंतवैद्य बाईंचं काम फोन आला त्याच संध्याकाळी केलं. ७५० डॉलर आणि ८.७५. नोंदीत आता त्यांचा स्वतःचा ईमेल आहे, दुसरा त्यांच्या मुलीच्या फोनवर येतो. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी, संक्रांतीचे तीळ आणायला जाण्याआधी, रिपोर्ट भरायचा असं त्यांनी ठरवलं. २०२६ चा त्यांनी तसाच भरला आणि पावतीचा फोटो मला पाठवला.